तुझ्या कुरडया निर्दोष होत्या

मामी, आमच्या नव्या घरातला एसी तुझ्या कुरडयांनी बिघडला नव्हता. तो मी बिघडवला होता, माझ्या हातानं, भर दुपारी, घरात कुणी नाही असं पाहून. आणि दुसऱ्या दिवशी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जेवणाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी सगळ्यांच्या देखत तुझं नाव घेतलं. तू आमरसाचं पातेलं घेऊन उभी होतीस. एकदाच माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, “व्हय, माझंच चुकलं.”

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. तुझ्याविषयी चांगलं लिहिणं काही अवघड नाही. अडचण एवढीच की तुझी कुठलीही चांगली आठवण काढली तरी तिच्या मागं मी उभा सापडतो, हातात पाण्याची नळी घेऊन. म्हणून आधी हे लिहून टाकलं. आता जरा मोकळेपणानं बोलता येईल.

लहानपणी मी तुला “अगं मामी” म्हणायचो. मग मामाच्या मुलीशीच, तुझ्या सुनंदाशी, माझं लग्न झालं आणि आईनं बजावलं, आता ती सासू आहे, “आवं मामी” म्हणायचं. तूही शहाण्यासारखी चारचौघांत मला “जावईबापू” म्हणायला लागलीस. पण स्वयंपाकघरात दोघंच असलो की “सद्या, तेवढा नारळ फोड” हे होतंच. आज मी परत “अगं” म्हणतोय. आता कोण अडवणार?

तासगावच्या बाहेर, द्राक्षबागेला लागून आम्ही घर बांधलं. त्याआधी आमचा सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत आणि एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली झालेला. नव्या घरात छतावर सौर बंब आला, दिवाणखान्यात एसी आला, आणि ही दोन्ही जनावरं पाळायची कशी हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. उष्णता कुठून कुठं वाहते हे फळ्यावर काढून दाखवतो. पण एसीच्या पोटातली जाळी महिन्याला धुवायची असते, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

एसी सुरू केला त्या दिवशी तू कडेगावच्या एसटीनं आलीस. मी ऐटीत दारं-खिडक्या लावून घेतल्या. तू उठून दार उघडलंस.

“मामी, दार लावून घ्यायचं असतं. गार हवा बाहेर जाते.”

“जाऊ दे की. शेजारची माणसं उन्हात बसल्यात, त्यास्नी जरा लागू दे.”

मी दार लावलं, तू उघडलंस, मी परत लावलं. शेवटी तू ट्रंकेतून वाकळ काढलीस आणि डोक्यावरून पांघरून सोफ्यावर बसलीस. “थंडी इकत आणायची आन वर वाकळ घ्यायची. लय शानी झाली माणसं,” असं म्हणून पाच मिनिटांत घोरायलाही लागलीस. जाग आल्यावर सुनंदाला हळूच म्हणालीस, “बरं वाटतंय गं पर. जोधपूरला तुझ्या बापाच्या मिलिट्रीच्या क्वार्टरात कूलर हुता, तो नुसता पाणी उडवायचा.”

सौर बंबावरून आपलं जुंपलं ते तर शेवटपर्यंत मिटलं नाही. सकाळी मी कौतुकानं गरम पाण्याची बादली भरून दिली, आणि तू बोट बुडवून विचारलंस, “हे कवा तापलं?”

“काल. उन्हानं. टाकीत तसंच गरम राहतं.”

“कालचं? म्हंजी शिळं पाणी. शिळ्या पाण्यानं आंघुळ कराय लावतूस व्हय रं सासूला?”

मी वर्गात समजावतो तसं समजावलं. पाणी शिळं होत नाही, उष्णता साठवलेली असते, वगैरे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “कालची भाकरी गरम क्येली तरी ती कालचीच.” मग आपण तोडगा काढला. सकाळी नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी येतं, ती पहिली बादली ‘शिळी’ ठरली आणि जास्वंदीला जाऊ लागली. त्यामागचं कढत पाणी तू ‘ताजं’ म्हणून मान्य केलंस. मामी, हे शास्त्राच्या सोयीचं नाही, पण जास्वंदीच्या सोयीचं निघालं. अजून रोज तिला तुझी शिळी बादली जाते.

आता कुरडयांचं. त्या वर्षी आखितीच्या तोंडाला रोज दुपारी वळवाचे ढग यायचे. तुझा गव्हाचा चीक तीन दिवस भिजून तयार, आदल्या दिवशी गच्चीवर घातलेल्या कुरडया अर्ध्या ओल्या, आणि वर आभाळ काळं. तू त्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली आणल्यास. एसीचा बाहेरचा डबा तिथंच भिंतीला आहे. त्याच्यातून गरम वारा येतो हे तुझ्या पदराला लागलं मात्र, तू बाज ओढलीस, वर जुनं लुगडं अंथरलंस आणि कुरडया मांडून आत आलीस. “एसी चालूच ठेव रं,” म्हणालीस. मला वाटलं तुला उकडतंय.

मागं जाऊन बघितलं तेव्हा मी ओरडलोच. “मामी, ते यंत्र आहे! त्याच्यासमोर काही ठेवायचं नसतं, वारा अडतो!”

“तासगावची माणसं तुमी. शेडमधी वाऱ्यावर बेदाणा वाळवता तो चालतोय, आन माझी कुरडईच तेवढी अडतीया व्हय?”

सुनंदा हसून भिंतीला टेकली. मीही हसलो. तुझी बाज हातभर मागं सरकवली आणि कुरडया तिथंच वाळल्या. खरं सांगू, इतक्या खडखडीत वाळलेल्या कुरडया मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. काही तुकडे उडून डब्याच्या जाळीत अडकले, तेवढेच. इथवर सगळं ठीक होतं. इथवर एसी चांगला चालत होता.

आखितीला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. तुझा पुतण्या धनाजी, तुझं ऊस-रान बघणारा आणि आख्ख्या भावकीत कुणालाही न सोडणारा, तो येणार होता. नवं घर, नवा एसी, मला जरा मिरवायचं होतं. पण द्राक्षाचा हंगाम सरत आलेला, रस्त्यावरून बेदाण्याच्या ट्रॅक्टरांची ये-जा, सगळी धूळ त्या बाहेरच्या डब्यात बसलेली. गारवा कमी झाला होता. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, मास्तर, सीझन आहे, पुढच्या आठवड्यात येतो. मला दम कुठला? तू आणि सुनंदा बाजाराला गेलात आणि मी शेजारच्या बागेतला फवारणीचा एचटीपी पंप सुरू केला. द्राक्षाला दाबानं औषध मारतात तो. कुंपणावरून पाइप ओढला, गन हातात घेतली आणि डब्याच्या पाठीवर सोडली. काळं पाणी वाहायला लागलं. फार समाधान वाटलं गं मामी. मी चारही कोपरे धुतले.

पाणी बंद करून बघितलं तर डब्याच्या पाठीमागच्या पातळ पात्या, ज्यांच्या फटींतून वारा आत जायला हवा, त्या सगळ्या आडव्या पडल्या होत्या. वादळानं जोंधळा लोळावा तशा. बोटांनी सरळ करायला गेलो तर बोट कापलं. मग मी पाइप गुंडाळला, पंप होता तिथं ठेवला आणि पडवी पुसून घेतली. पडवी का पुसली, हे मला आजही धड सांगता येत नाही.

तू बाजारातून आलीस, बोटाकडं बघितलंस. “कशानं कापलं रं?”

“ब्लेडनं.”

तू हळद दाबलीस, चिंधी बांधलीस.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले आणि एसीनं थोडा वेळ कोमट फुंकर घालून मान टाकली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. धनाजी पेपरानं वारा घेत म्हणाला, “दाजी, एसी हाय का भाता हाय?” लोक हसले. मग तो उठून मागं गेला आणि जाळीत अडकलेला कुरडईचा तुकडा घेऊन आला. “ह्ये काय?”

तिथं मी एक वाक्य बोलू शकलो असतो. मी विज्ञानाचा मास्तर आहे आणि मी द्राक्षबागेच्या पंपानं एसी धुतला, एवढंच. पण धनाजीचं तोंड कसं सुटेल ते डोळ्यासमोर आलं, आणि शाळेतल्या स्टाफरूमपर्यंत जाणारा तो हशा मला आधीच ऐकू आला. मी म्हणालो, “मामींचा उद्योग. कुरडया वाळत घातल्या त्याच्यासमोर. मी शंभरदा सांगितलं.”

पुढचं तुला ठाऊक आहे.

मामी, त्यानंतर ती गोष्ट भावकीत जी पसरली! ‘कुरडईनं एसी मारला.’ वाईला लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या दारातच कुणीतरी म्हणालं, “आत्या, हॉल एसी हाय, पिशवीत कुरडया न्हाईत न्हवं?” आणि तू चिडायचं सोडून पिशवी छातीशी धरलीस, “हायत! पर तुमचा एसी जुना दिसतुया, एका कुरडईत जाईल.” सगळे लोटपोट. तू स्वतः त्या गोष्टीला मीठ-मसाला लावत गेलीस. दर वेळी मी तिथंच कुठंतरी पाण्याचा ग्लास शोधत असायचो.

आखितीनंतर अस्लमभाई मेकॅनिक आला तेव्हा तू चहा घेऊन मागं उभी होतीस. त्यानं डबा पाहिला, कपाळावर हात मारला. “मास्तर, प्रेशरनं पाणी मारलं का कुणी?”

मी म्हणालो, “वळवाचा पाऊस झाला होता.”

“पाऊस? पत्र्याखाली? आडवा?” त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं. “कुरडईनं काय होत नाही हो, ती ब्रशनं निघते. ही पानं बसलीत, वारा कोंडतोय. थोडी मी सरळ करून देतो, बाकीची हळूहळू करा. पण मावशी, आतल्या नळीला टोक लावू नका. भोक पडलं की गॅस गेला.”

दुसऱ्या दिवसापासून तू पडवीत पाट टाकून बसलीस. आधी फणी घेतलीस, तीच लाकडी, जिनं सुनंदाचं डोकं विंचरलं आणि सुट्टीत आलो की माझंही. तिचे दात मोडले. मग वाकळ शिवायचा दाभण घेतलास आणि एकेक पाती उभी करत गेलीस. मी शाळेतून यायचो तर तू तिथंच, चष्मा नाकावर, तोंडानं पुटपुटत. पोरीचा गुंता सोडवताना पुटपुटायचीस तशीच. एके दिवशी माझ्यासमोर बोट धरलंस. बारीक, तिरकी चीर.

“ही बघ. कापलं. तुझं कापलं हुतं की न्हाई, डिट्टो तसंच.”

माझे कान तापले. मी म्हणालो, “मामी, त्या आखितीला मी...”

“गप.” तू इकडं-तिकडं बघितलंस, सुनंदा ऐकत नाही ना म्हणून. “हसत्यात तर हसू दे माझ्यावर. मला सवय हाय. मिलिट्रीच्या लायनीत हिंदी येत न्हवतं तवा बाया लय हसल्यात. रोटी मागायला जाऊन काय काय आणलंय मी! तुला न्हाई रं झेपायचं. तू लहानपणापास्नं तसाच हायस, गोट्यात हारलास की तापच यायचा तुला.”

मी आत गेलो. हळद आणली आणि तुझ्या बोटाला लावली. तेवढंच मला जमलं.

मग तू दर अमावस्येला यायला लागलीस. “आमुशाला बैल जुपत न्हाईत. आता बैल न्हाईत, धनाजी ट्रॅक्टरला सुट्टी देतोय. मग ह्यानं काय पाप केलंय?” असं म्हणत एसीकडं बघायचीस. सकाळची एसटी, हातात भाजीची पिशवी. आल्या आल्या मला फर्मान, “मेन खाली पाड.” मेन स्विच बंद झाल्याशिवाय तू यंत्राला हात लावायची नाहीस, मलाही लावू द्यायची नाहीस. मी स्टुलावर चढून आतली जाळी काढायची, तू ती नळाखाली उलट्या बाजूनं धुवायची, म्हणजे धूळ आत दाबली जात नाही. ती सावलीत वाळवायची, कारण मी एकदा उन्हात ठेवली आणि ती पापडासारखी वाकडी झाली. पाणी ठिबकायच्या नळीत फुंकर मारायची, ते काम माझं. बाहेरच्या डब्यावर मऊ ब्रश, वरून खाली. आणि डब्यासमोरची जागा मोकळी. तिथं तू चुन्यानं रेघ मारली होतीस, “ह्याच्या आत कुरडई न्हाई आन जावईबी न्हाई.”

आमचं बोअरचं पाणी मचूळ. सौर बंबाची टाकी रिकामी केली की पांढरा चुरा निघायचा. तो तू मुठीत घेऊन दाखवायचीस, “बघ, ह्येच तुझ्या मुतखड्यात हुतं.” त्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी व्हायची, आणि मग मेन वर, एसी सुरू, वाकळ डोक्यावर. त्या अमावस्यांइतकं सुखाचं त्या घरात मला दुसरं काही आठवत नाही. दर वेळी मला वाटायचं, आज बोलावं. नुसतं तुझ्याशी नव्हे, तुझ्याशी बोलून काय, तुला माहीतच होतं. ज्यांच्यासमोर तुझं नाव घेतलं त्यांच्यासमोर. आणि दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी. माणसं दर महिन्याला एसटीनं येतच राहतात, असं आपण धरून चालतो.

तुझ्या तेराव्याला गावी मांडव घातला. गोड जेवण झालं. तुझ्याच डब्यातल्या, ह्या उन्हाळ्यात तू केलेल्या कुरडया सुनंदानं तळल्या. धनाजीनं एक उचलली, उजेडात धरली, घसा खाकरला. “काकूची ही उन्हातली म्हणायची का एसीतली?”

पंगतीत हशा पिकला. रडून लाल झालेले डोळे, आणि हशा. धनाजीनं गोष्ट सुरू केली. तो रंगवून सांगतो, तुझी नक्कलही चांगली करतो. मीही हसलो असेन. मग त्याची नवी सून, वाढायला उभी होती, तुझी-तिची नीट ओळखही व्हायची राहिली होती. ती भाबडेपणानं म्हणाली, “म्हंजी आजींना एसी म्हायतीच नव्हता?”

“न्हाई गं,” धनाजी मायेनं म्हणाला. “आडाणी हुती, पर मनानं लय चांगली.”

मामी, त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. ही पोर तुला कधी भेटणार नाही. तिच्यासाठी तू आता एवढीच राहणार, यंत्र न कळणारी एक चांगली म्हातारी. तिच्या पोरांना ती हेच सांगणार. तू हौसेनं ते ओझं घेतलं होतंस, पण तू असेतोवर. ते तुझ्या मागं तुझं नाव म्हणून राहावं, हे काही आपलं ठरलं नव्हतं.

मी पानावरून उठलो. खरकट्या हातानंच.

“धनाजी, आडाणी मी होतो. एसी कुरडईनं नाही बिघडला. आदल्या दिवशी मी तो फवारणीच्या एचटीपीनं धुतला. पात्या सगळ्या लोळवल्या. मामींचं नाव मी खोटं घेतलं. त्यांना ते कळलं होतं. दाभणानं एकेक पाती त्यांनी उभी केली आणि कुणाला बोलल्या नाहीत. तो एसी आज चालतोय तो त्यांच्यामुळं.”

सुनंदा हळूच म्हणाली, “म्हणून फणीचे दात मोडले होते.”

आणि मग धनाजी. “दाजी, थांबा थांबा. बागंला औषध मारायचा पंप? एसीला काय करपा पडला हुता का डावणीचा रोग आला हुता?”

अगं मामी, जे हसले म्हणतेस! मांडवाचे खांब हलले. कुणी म्हणालं, मास्तर, पुढच्या वर्षी छाटणीबी घ्या त्याची. कुणी म्हणालं, पोरांना सायन्स कोण शिकवतंय, पंप का? नवी सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मधोमध उभा, कान तापलेले, आणि वाट बघत होतो ताप यायची. आला नाही. झेपलं गं. तुझा अंदाज तेवढ्या बाबतीत चुकला. किंवा तू इतकी वर्षं हसून दाखवलंस, त्यातून शिकलो असेन.

हशा ओसरायच्या आधीच मी हात धुतले आणि तुझ्या फोटोसमोर गेलो. सगळे बघत होते, आणि बघायलाच हवे होते. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, “अगं मामी, चुकलं ते माझं. तुझं काही चुकलं नव्हतं, तुझ्या कुरडयांचंही नाही. मला माफ कर.”